पाठमोरी शिंगं

एक करून पाहा. डोळे मिटा, अगदी मिटा, फटीतून बघायचं नाही, आणि समजा की तुमच्या मांडीवर काळविटाच्या शिंगांची एक जोडी आहे. उजव्या हाताचं बोट एका टोकावर ठेवा. टोक गुळगुळीत, थंड. आता बोट हळूहळू खाली आणा. शिंगाला पीळ आहे आणि पिळावर कडी आहेत. बोट एका कड्यावर चढतं, उतरतं, पुन्हा चढतं... घाई नको. खाली या, आणखी खाली. बुंधा जवळ आला. आणि इथं, बुंध्याशी, कपाळाच्या बाजूला, कडी नाहीतच. बोट घसरतं. तिथं शिंग झिजलं आहे, आडवं, बोटभर रुंद. आणि शेजारच्या शिंगालाही अगदी त्याच उंचीवर.

असं झिजलेलं तुम्ही कुठं पाहिलंय का? सारजानं पाहिलं होतं. चाळीमागच्या विहिरीच्या काठाला एक दगड होता, बायांचे पोहऱ्याचे दोर त्याच्यावरून खाली जायचे, वर यायचे, आणि त्या दगडाला अशीच खाच पडली होती. दगड तो दगड, पण दोरानं त्यालाही...

“झालं का पुसून?” चुलीपाशी बसलेली आई म्हणाली.

“व्हय,” सारजा म्हणाली, आणि तिनं डोळे उघडले.

फडकं झटकून ती आबांच्या लोखंडी ट्रंकेवर चढली. ही ट्रंक आबांबरोबर बसऱ्याच्या लढाईवर जाऊन आली होती. आबा परत आले ते डावा पाय ओढत. ट्रंकेला मात्र एक पोचा सोडला तर काही झालं नव्हतं. आता आबा, म्हणजे कोंडीबा जमादार, सोलापुरातल्या एका गिरणीच्या गेटावर काठी घेऊन उभे असत, आणि ट्रंक घरात बसायच्या, चढायच्या, रुसायच्या कामी येई. तिच्यावर उभं राहून सारजानं शिंगं खुंटीला अडकवली, होती तशीच, पाठमोरी. कपाळाची बाजू भिंतीकडं, मागची बाजू घराकडं. अशी टांगल्यामुळं शिंगांची टोकं मागं झुकायच्या ऐवजी घरात आलेल्या माणसाच्या अंगावर झुकत, आणि चाळीतलं जो कोणी येई तो हसे. शेजारची केराबाई तर म्हणाली होती, “आवं जमादार, तुमचं काळवीट भित्तीतनं गावाला निगालं की वो!” आबा नुसते हसले होते. “आसू दे. गेटावर दिसभर मान्सांची तोंडंच बगतोय. घरात जरा कुनाची तरी पाठ दिसू दे.”

सारजाला वाटायचं, बरं झालं. आबांनी चुकून उलटी टांगली आणि ती खाच आपोआप भिंतीकडं गेली. आता ती कुणाला दिसायची नाही. आबांना तर नाहीच नाही. ही गोष्ट माघापासून आतापर्यंत तिनं एकटीनं सांभाळली होती, शाळेत तोंडात चिंचोका धरून बसावं तशी. मास्तरांनी काही विचारलं की चिंचोका गालात सरकवायचा, आणि उत्तर द्यायचं, आणि पुन्हा जिभेवर घ्यायचा. कुणाला कळत नाही. पण एवढा वेळ तोंडात काही धरलं की गाल दुखायला लागतो, आणि आज सकाळपासून सारजाचा गाल दुखत होता.

कारण आज जोतीराम काका येणार होते. काका म्हणजे आबांचे पलटणीतले सोबती. आता जेऊरला शेती करत. आबांची शिकार झाल्याचं ऐकल्यापासून त्यांनी ध्यास घेतला होता, मलाही एकदा काळवीट पाहिजे. आणि संध्याकाळी येणार होता हरबा शिकारी, दिवस ठरवायला.

हरबा. त्याचं नाव आलं की सारजाला आधी त्याचं अंगण दिसे, मग तो. शहराच्या उत्तरेला माळ सुरू होतो तिथं त्याचं खोपट होतं, आणि माघातल्या त्या पहाटे बैलगाडीतून उतरून ती आबांच्या मागोमाग त्या अंगणात गेली होती... दात वाजत होते, अंगावर आबांचा पलटणीतला कोट, बाह्या गुडघ्यापर्यंत. अंगणात दोन मेखा ठोकलेल्या. एका मेखेला एक तरुण काळवीट बांधलेलं. अजून काळं न झालेलं, तांबूस, डोळ्यांभोवती पांढरी वर्तुळं, आणि दोर गळ्याला नव्हे तर शिंगांना, बुंध्याशी, कपाळावरून. दुसऱ्या मेखेपाशी नुसता दोर पडलेला होता आणि भोवती ओल्या लेंड्या. “हितलं कुटं गेलं?” तिनं विचारलं. “ते मागंच मेलं,” हरबा म्हणाला, आणि बैल सोडायला गेला. सारजाच्या मुठीत वाटेवर उपटलेला हरभऱ्याचा डहाळा होता. तिनं तो पुढं धरला. तांबूस काळविटानं मान वर केली, नाक हलवलं, आणि दोन पावलं पुढं आलं. दोर ताणेपर्यंत दोन पावलं. तिच्या तळहाताला त्याचे ओठ लागले, ओले, थंड, आणि ती हसली, गुदगुल्या झाल्या म्हणून...

“सारजे, चल की! ऊन चढलं.”

नवा माठ आणायचा होता. चैत्र लागला होता, आणि जुना माठ आता गार करत नव्हता. आईनं चुंबळ घेतली, सारजानं रिकामी पिशवी. वाटेवर दोन्ही बाजूंच्या घरांतून हातमागांचा खटखटाट येत होता. सारजा त्या तालावर पावलं टाकायचा खेळ रोज खेळे, आज मात्र ताल सापडेना. मधेच ते अंगण येई. मग अंगणानंतरचं येई.

अंगणानंतर माळ. उजाडलं तेव्हा सगळीकडं वाळलेलं गवत, पिवळं, आणि त्यात मेंढ्या, आणि मेंढ्यांच्या मध्ये एक धनगरीण, काठीवर हनुवटी टेकून उभी, जणू काठी तिला नव्हे, तीच काठीला आधार देत होती. म्हाळसाबाई तिचं नाव. आबांनीच तिला हटकलं होतं.

“बाई, काळवीट हाय का माळावर?”

“हाईत की. कुटं हाईत ते त्यांनाच ठावं.”

“दावता का?”

“चालायचं आसंल तर दावते. पार तिकडच्या वड्यापतुर जावं लागंल. आन् घावंल आसं काय मी म्हननार न्हाय. परवा एका सायबाला दिसभर फिरवला, सशाची शेपटी सुदिक दिसली न्हाय. माजंच पाय दुकलं, त्येचं सोडाच.”

हरबा मोठ्यानं हसला होता. त्याच्या गळ्यात वाघनख होतं आणि मिशा अशा, की बोलताना आधी मिशा बोलत. “आयकलंसा, जमादार? हिच्यामागं गेला तर दिस मावळंस्तवर मेंढ्या मोजत बसाल.”

“मोज की,” म्हाळसाबाई म्हणाली, “तुला तरी कुटं मोजता येतंय!”

आबाही हसले, पण आपल्या पायाकडं बघून. पार त्या ओढ्यापर्यंत... आणि हरबा म्हणत होता, “माज्याबरूबर आलेला मानूस रिकाम्या हातानं गेला, आसं कुनी दाकवून द्यावं, ही मिशी उतरून देतो.” मग आबा हरबाबरोबर गेले. आपणही त्याच्याचबरोबर गेलो असतो, नाही का? पाय दुखरा असताना, बरोबर लेक असताना, एक जण म्हणतो नक्की आणि एक जण म्हणते माहीत नाही...

बाजारात माठ मांडलेले होते, सावलीत काळे, उन्हात तांबडे. पहिल्याच दुकानातला माणूस ओरडत होता, “घ्या बाई, डोळं झाकून घ्या! सगळं एकापरीस एक! ह्यातला कुटलाबी घ्या!” आई थांबलीच नाही. टोकाला गोजरबाई कुंभारीण बसली होती, तिच्यापाशी जाऊन टेकली. सारजाला हे आवडे: आई बोटांची पेरं वळवून माठावर वाजवी आणि कान लावी, माठाच्या पोटात कुणी राहत असल्यासारखा.

“त्यो नगं,” गोजरबाई म्हणाली.

“का? आवाज तर चांगला हाय.”

“आवाज चांगला हाय, पन त्यो पाझरनार न्हाय, गळनार. बुडाला बग. आन् त्येच्या शेजारचा बी नगं, आव्यात कडंला हुता, नीट भाजला न्हाय. ह्यो ने. आन् ह्याला दोन दिस पानी भरून ठेव, वतून दे, मग प्या. आदीच प्यायला तर मातीचा वास येनार. मग म्हनशील गोजरीनं फशिवलं.”

“फशिवलंस तर हितंच आनून तुज्या डोक्यावर वतते.”

“वत की, उनाचं बरंच वाटंल!”

दोघी हसल्या. आईनं माठ घेतला, चुंबळीवर चढवला. परत येताना तो ओरडणारा दुकानदार पुन्हा लागला, आणि सारजा मागं वळून बघत म्हणाली, “आई, त्यो मानूस सगळंच चांगलं हाईत म्हनतोय. मग त्येच्याकडनं का न्हाई घेत?”

“सगळंच चांगलं हाईत म्हनतोय म्हनून.”

“आन् गोजराकाकीचा कदी फुटला न्हाय?”

“फुटला की. गेल्या साली. पन तिनं आदीच सांगितलं हुतं, ह्यो जरा कच्चा वाटतोय, बग बाई. तरी मी नेला. माजीच हौस.” आई डोक्यावरचा माठ न हलवता हसली, तिला असं हसता येत असे. “आपल्याकडं काय चांगलं हाय ते कुनीबी सांगतंय, सारजे. काय न्हाय ते जो सांगंल, त्येच्याकडं जावं.”

सारजाची पावलं मागांच्या तालात पडू लागली होती, ती आता चुकली. काय न्हाय ते जो सांगंल... तिनं म्हाळसाबाईला मनात पुन्हा एकदा तसंच काठीवर हनुवटी टेकलेलं पाहिलं. घावंल आसं काय मी म्हननार न्हाय. त्या दिवशी हे वाक्य किती फाटकं वाटलं होतं, आणि हरबाचं किती घट्ट.

दुपारी घर आत गार, बाहेर पांढरं. आईनं माठ कोपऱ्यात वाळूवर ठेवून भरला, हात पुसले, आणि भिंतीकडं बघून कपाळाला हात लावला. “आज पावनं यायचं, आन् ही शिंगं आशी! घरात हुबं ऱ्हायलं की डोळ्यात टोचत्यात.” आणि सारजा उठायच्या आत तिनं ट्रंकेवर चढून शिंगं सरळ केली. कपाळ घराकडं. “आता कसं काळवीट वाटतंय,” आई म्हणाली, आणि तिच्यापुढं तुरीच्या डाळीचं ताट ठेवून कामाला लागली.

दारातून ऊन येत होतं ते नेमकं त्या बुंध्यावर. दोन पांढुरके पट्टे, एका रेषेत. सारजा डाळीतले खडे वेचायची सोडून त्याच्याकडंच बघत राहिली. कसं कुणाला दिसत नाही? आईला दिसलं नाही. आईनं तो दोर पाहिलेला नाही, ते अंगण पाहिलेलं नाही. माहीत असल्याशिवाय खूण दिसत नसते, नुसतं झिजलेलं दिसतं. पण मला माहीत आहे. मला दुसरं काही दिसतच नाही. मी त्या दिवशी...

त्या दिवशी दुपारपर्यंत काही मिळालं नव्हतं. हरबा बैल पुढं घाली, आणि बैलाच्या आडोशानं, वाकून, त्याच्या पोटाशी पोट लावून सगळ्यांनी चालायचं. काळवीट माणसाला भिऊन पळतं, बैलाला भीत नाही; त्याला चार पाय जवळ येताना दिसतात, त्यामागचे दिसत नाहीत. असं वाकून आबांना चालवेना. दूरवर एकदा धूळ उडाली, म्हणे कळप होता. मग आबा एका धोंड्यावर बसले आणि पाय चोळू लागले, आणि मी पाण्याची पिशवी पुढं केली, आणि ते माझ्याकडं न बघता म्हणाले, “तुला उगंच आनलं, बाळ.” तेव्हा हरबा म्हणाला, “बसा हितंच. मी बगून येतो.” बराच वेळ गेला. तो आला तेव्हा घामाघूम होता, आणि हसत होता. “चला. उबा हाय.”

आणि खरंच उभा होता. तरवडाच्या झुडपापाशी, काळा कुळकुळीत, पोट पांढरं, शिंगं अशी की आकाशात पीळ घातल्यासारखी. आबा बैलाआडून बाहेर आले, तरी तो पळाला नाही. आबांनी बंदूक खांद्याला लावली, तरी नाही. त्यानं मान वर केली, नाक हलवलं. आणि दोन पावलं पुढं आला. आमच्याकडं आला. मी पाहिलं. मग आवाज झाला. मग तो खाली होता, आणि आबा तसेच उभे होते, बंदूक खाली न घेता, आणि मला वाटलं आबांना आनंद झालाय आणि तो त्यांना दाखवता येत नाही, म्हणून मी टाळ्या वाजवल्या. माळावर माझ्या टाळ्यांचा केवढा मोठा आवाज झाला... आबांनी वळून माझ्याकडं पाहिलं, आणि हळूच हसले.

परतताना गाडीत सारजा त्या काळविटाजवळ बसली होती. अंधारून येत होतं. तिचं बोट सहज शिंगावरून खाली आलं, आणि घसरलं. तिनं पुन्हा फिरवलं. दुसऱ्या शिंगावर फिरवलं. दुसऱ्या मेखेजवळचा दोर, ओल्या लेंड्या... मागंच मेलेल्याच्या लेंड्या ओल्या कशा असतील? वाटेत म्हाळसाबाई मेंढरं घेऊन परतत होती, ती गाडीपाशी आली, त्याच्या कपाळावर तळवा ठेवून म्हणाली, “लई गरीब दिसतंय जनावर.” आणि आबांनी घोंगडं ओढून त्याचं तोंड झाकलं. थंडी होती म्हणून, असं तेव्हा सारजाला वाटलं होतं.

गिरणीचा भोंगा झाला. सारजा दचकली. ताट अर्धंच झालं होतं आणि ऊन शिंगांवरून उतरून जमिनीवर आलं होतं. थोड्या वेळानं आबांच्या पायाचा आवाज, एक पाऊल आणि एक फरफट, आणि त्याच्याबरोबर जोतीराम काकांचा आवाज, जो नेहमी त्यांच्या आधी घरात येई.

“वयनी! ऱ्हायलेली सगळी भाकरी काडून ठेवा, जेवरास्नं उपाशी आलोय!”

“आवं, जेवरात काय दुश्काळ पडलाय व्हय?”

“तुमच्या हातच्या भाकरीचा पडलाय की.” काका मोरीवर पाय धुवायला गेले, आणि तिथूनही बोलतच राहिले. आबा आत आले, पागोटं काढलं, ते अडकवायला वर पाहिलं. आणि थांबले.

सारजानं मान खाली घातली आणि डोळ्यांच्या कडेनं पाहिलं. आबा शिंगांकडं बघत होते. सगळ्या शिंगांकडं नव्हे. बुंध्याकडं. मग त्यांनी एकदा मोरीकडं पाहिलं, पाण्याचा आवाज चालू आहे ना, म्हणून. चवड्यांवर उंच झाले, दुखऱ्या पायावरसुद्धा. शिंगं खुंटीवरून अलगद उचलली, फिरवली, आणि पुन्हा अडकवली. कपाळ भिंतीकडं. मग पागोटं शेजारच्या खुंटीला लावलं आणि काही न झाल्यासारखे येऊन बसले.

“आरं कोंडीबा,” काका पंच्यानं तोंड पुसत आत आले, “शिंगं उलटी की रं ही!”

“आसू दे,” आबा म्हणाले.

तुम्हांला कधी असं झालंय का? अंधारात एकटंच चाललोय असं वाटतं, भीती वाटते म्हणून आपण पाऊलही वाजू देत नाही, आणि मग कळतं की शेजारून कुणीतरी आपल्याइतकंच हळू पाऊल टाकत चाललेलं आहे, ते केव्हापासूनच. सारजाला तसं झालं. चुकून नव्हती टांगली. आबांनी चुकून काहीच केलं नव्हतं. घोंगडंसुद्धा नाही. त्यांनीही तो काळवीट पुढं येताना पाहिला असेल. बंदुकीच्या नळीवरून तर सगळ्यांत नीट दिसतं. मग बोलले का नाहीत? आणि लगेच तिला आपल्या टाळ्या ऐकू आल्या, माळभर पसरलेल्या... आबांनी वळून पाहिलं होतं ते या टाळ्यांकडं. मी टाळ्या वाजवल्या म्हणून आबा हसले, आणि आबा हसले म्हणून मी गप्प बसले. तिला रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही. उलट आत काहीतरी हलकं झालं होतं. चिंचोका दोघांच्याही तोंडात होता. दोघांचेही गाल दुखत होते. मग एवढं तरी... मग आता कुणी आधी थुंकायचा, एवढाच प्रश्न उरतो.

दिवेलागणीला हरबा आला. वाघनख, मिशा, आणि हातात आबांसाठी आणलेली पेरूंची पुरचुंडी. तो वाईट दिसत नव्हता. सारजाला हेच नवल वाटलं. तो हसला की घरातलेही हसत. आईनं चहा दिला. काकांनी बशीतला चहा संपायच्या आत विचारलं, “आमचं जमतंय का न्हाय, त्ये बोला.”

“जमतंय म्हंजे? एक हाय नजरंत. काळा हुत आलाय आता. तुमी नुसतं यायचं, पावनं. हुबा करून देतो.”

काळा होत आलाय. सारजाच्या तळहाताला ओले, थंड ओठ लागल्यासारखं झालं. तिनं मूठ मिटली.

“मला दोन बार लागतील हां,” काका म्हणाले. “आमचा जमादार नेमबाज. पलटणीत ह्येला नेमबाजीचा बिल्ला मिळाला हुता, मला शिपाईगिरी करून नुसती खरूज मिळाली.”

आई पदरात हसली. आबा हसले नाहीत. ते बशीतल्या चहावर फुंकर घालत होते, चहा केव्हाच निवला होता तरी. “माजा पाय लई दुकतोय सद्या,” ते म्हणाले. “जोतीबा, तू जा. बंदूक ने. मी काय येत न्हाय.”

म्हणजे आबा एवढंच करणार. स्वतः जाणार नाहीत. पण काका जाणार, आणि बैल पुढं जाणार, आणि तो तांबूस, आता काळा होत आलेला, माणसांच्या हातचं खायची सवय झालेला, झुडपापाशी उभा असेल. आणि पुढं येईल. आबांना हे दिसतंय; म्हणून ते चहाकडं बघतायत. शब्द त्यांच्या घशाशी आलाय आणि तिथं काहीतरी आडवं पडलंय, आणि ते आडवं पडलेलं म्हणजे मी. माझ्यापुढं ते नेमबाज राहायला हवेत. पण मला नको आहे ते, आबा! मला म्हाळसाबाईबरोबर त्या ओढ्यापर्यंत चालायचंय, तुमचा पाय दुखेल तिथं बसत बसत, आणि काही दिसलं नाही तर नाही. रिकाम्या हातानं येऊ. घरी येऊन आईला सांगू, सशाची शेपटीसुद्धा दिसली नाही, आणि हसू...

“हरबाकाका,” ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. “तुमच्यासंगं गेल्यालं कुनी मोकळं परत आलंय का कदी?”

“कदीच न्हाय, बाय!” हरबानं मिशीवर हात ठेवला. “एकसुदिक न्हाय.”

“एकसुदिक न्हाय?”

“सारजे,” आई म्हणाली, “मोट्यांच्या मदी बोलायचं न्हाय.”

पण आईच्या कपाळावर एक आठी आली होती, बाजारातल्या त्या ओरडणाऱ्या दुकानदारापुढून जाताना येते तशी. आणि आबांनी मान वर केली होती. ते सारजाकडं बघत होते. ती त्यांच्याकडं. मग तिनं हळूच भिंतीवरच्या शिंगांकडं पाहिलं, आणि पुन्हा आबांकडं. आबांची नजर तिच्यामागोमाग शिंगांपर्यंत गेली, तिथं टेकली, परत आली. तिच्या चेहऱ्यावर थांबली. तिथं त्यांना जे दिसायचं ते दिसलं असावं, कारण त्यांनी बशी खाली ठेवली, आणि मांडीवर पसरलेले हात हळूहळू उताणे झाले, ओझं उतरवून ठेवलेल्या माणसाचे होतात तसे. ते तिला नको म्हणाले नाहीत. कोपऱ्यात नवा माठ पाझरू लागला होता. त्याच्या पोटावर ओलावा चढत होता आणि घरात ओल्या मातीचा वास येत होता, आणि सारजाला एकाएकी वाटलं की उद्याचा दिवस खूप मोठा आहे, माळासारखा, आणि त्यात कुठं काय असेल ते कुणालाच ठाऊक नाही, आणि हे किती चांगलं आहे.

तिनं डाळीचं ताट बाजूला सारलं. परकर खोचला. ट्रंकेवर चढून शिंगं खुंटीवरून काढली, दोन्ही हातांनी धरून खाली उतरली, आणि हरबासमोरून जाऊन ती जोतीराम काकांच्या मांडीवर ठेवली, कपाळाची बाजू वर करून.

“काका, डोळं मिटा,” ती म्हणाली. “आगदी मिटा.”

काका हसत हसत डोळे मिटेपर्यंत ती थांबली. मग तिनं त्यांचा उजवा हात धरला, आणि त्यांचं बोट शिंगाच्या टोकावर ठेवलं.